पूर चढताना गावाचा ग्रुप कसा सांभाळायचा

मे महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक बटण कुठं आहे ते बघून ठेवा: मेसेज फक्त अ‍ॅडमिननंच टाकायचे, हे ठरवणारं. रात्री अडीच वाजता, लाइट गेलेली, ओल्या अंगठ्याला स्क्रीन दाद देत नाही, अशा वेळी ते शोधायची पाळी येऊ नये. माझ्यावर आलीय.

मी पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचा. सव्वीस वर्षं एका दैनिकाचा वार्ताहर. पूर्वी बातमीचं पाकीट सांगलीला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो; चारची गाडी चुकली की बातमी एक दिवस शिळी. पलीकडं डेस्कवर एक उपसंपादक होते. त्यांचे तीनच प्रश्न: कधी? कुठं? कुणी सांगितलं? एकाचं जरी उत्तर नसलं तरी बातमी टोपलीत. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता गावच्या ग्रुपवर सहाशे माणसं आहेत, सहाशेही वार्ताहर आहेत, आणि टोपली कुणाकडंच नाही. ती अ‍ॅडमिननं ठेवायची. कशी, तेवढं सांगतो.

आधी माझी चूक. ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, त्याच्या काही दिवस आधीची गोष्ट. एक व्हिडिओ आला. धरणाचे दरवाजे, फेसाळ पाणी, मागं कुणीतरी ओरडतंय, ‘सोडलं, सोडलं!’ मी तो तसाच पुढं ढकलला, वर ‘सावधान’ एवढंच लिहिलं. वार्ताहरानंच टाकला म्हटल्यावर कोण विचारणार? नदीकाठच्या मळीकडच्या एका आजोबांनी रात्रीच म्हशी सोडल्या, आणि अंधारात एक म्हैस ओढ्यात गेली. सकाळी कळलं, व्हिडिओ आदल्या वर्षाचा. पुढं खरा इशारा आला, मी धावत त्यांच्या दारात गेलो, तर आजोबा म्हणाले, “आज कुठल्या सालातलं पाणी सोडलंय?”

तेव्हापासून व्हिडिओ आला की मी आधी आवाज बंद करून बघतो. आवाजानं माणूस घाबरतो आणि डोळे काम करायचे थांबतात. मग कोपऱ्याकोपऱ्यातून नजर फिरवायची. गाडीची नंबरप्लेट: एमएच १० म्हणजे सांगली, ०९ कोल्हापूर, ११ सातारा, ५० कऱ्हाड. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत आहे. लोकांच्या अंगात स्वेटर आहे का. ऑगस्टच्या पुरात कोण स्वेटर घालतं? धरणाचे दरवाजे मोजायचे. कोयनेच्या सांडव्याला सहा वक्राकार दरवाजे आहेत, कर्नाटकातल्या अलमट्टीला सव्वीस. ‘कोयना आत्ता लाइव्ह’ म्हणून आलेल्या व्हिडिओत दरवाज्यांची रांग संपतच नसेल, तर पुढं बघायची गरज नाही. तरीही शंका राहिली तर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुना असेल तर बऱ्याचदा दोन मिनिटांत जुनं घर सापडतं. काहीच सापडलं नाही, म्हणून तो खरा मात्र ठरत नाही.

मेसेजवर दोन बाण दिसले तर तो किमान पाच हात फिरून आलाय. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवता येतो, पण आमच्याकडं चिकाटीची माणसं कमी नाहीत. बाण दिसले की टाकणाऱ्याला एकच विचारायचं: “तुला कुणी पाठवला?” साखळी चढत जायची. तिसऱ्या फोनला बहुतेक ‘मेहुण्यानं पाठवलाय, तो पुण्यात असतो’ इथं येऊन गाडी थांबते.

आकड्यांकडं वळू, कारण पुरात अफवा आकडे घालूनच फिरते. टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, हा साठा आणि क्युसेक हा पाणी सुटण्याचा वेग, एवढं ग्रुपला पावसाआधीच शिकवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक लाख क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जातं. मग ‘आज रात्रीत कोयनेतून ५० टीएमसी सोडणार’ असा मेसेज आला की गुणाकार करायचा: बारा तासांत ५० टीएमसी सोडायला साडेअकरा लाख क्युसेक लागतील. कोयनेची सगळी क्षमताच १०५.२५ टीएमसी! हे गणित मी ग्रुपवर टाकलं तेव्हा दहावीच्या पोरांनी ते माझ्याआधी तपासलं. अशी पोरं हेरून ठेवा. पुढं सगळ्यात जास्त कामाची तीच असतात.

पातळीच्या बाबतीतही घोळ ठरलेला. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. तिकडच्या पंचगंगेनं ४३ ओलांडले की कुणीतरी नुसतं ‘धोका पातळी ओलांडली’ एवढंच कापून इकडं टाकतं. पंचगंगा कृष्णेला मिळते नृसिंहवाडीला, म्हणजे आमच्या कितीतरी खाली. तेव्हा नदीचं आणि पुलाचं नाव नसलेला आकडा मी सरळ काढून टाकतो. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, ते शिकून घ्या.

नुसतं डिलीट करून भागत नाही, जागा रिकामी राहिली की तिथं दुसरी अफवा येऊन बसते. म्हणून सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात आणि रात्री दहा, अशा ठरल्या वेळी ग्रुपवर एक मेसेज जायलाच पाहिजे, पाणी हललं नसलं तरी. नमुना असा, आकडे उदाहरणाचे:

‘मंगळवार, सकाळी ७. आयर्विन पूल ३८ फूट २ इंच. काल रात्री १० वाजता ३७ फूट ४ इंच. कोयनेचा विसर्ग कालइतकाच. माहिती: जलसंपदा विभागाचं सकाळचं पत्रक. आपल्या पुलाच्या पट्टीचा फोटो खाली, काढणारे पोलीस पाटील. पुढचा मेसेज दुपारी १.’

शेवटचं वाक्य विसरू नका. पुढचा मेसेज कधी येणार हे कळलं की माणसं वाट बघतात, नाहीतर जे मिळेल ते फिरवतात.

आता मदतीचे मेसेज. इथं ग्रुपनं वर्तमानपत्राला मागं टाकलं, हे मला मान्य करावंच लागतं. २०१९ मध्ये बोट कुठल्या गल्लीत पाहिजे, कुठल्या माडीवर बाळंतीण आहे, हे माझ्या बातमीतून कुणाला कळलं नाही. बचत गटाच्या बायकांनी ग्रुपवर कळवलं. पण ‘छतावर चौदा जण अडकलेत’ हा मेसेज ती माणसं शाळेत पिठलं-भात जेवत होती तेव्हाही फिरत होता, आणि बोट रिकाम्या घराकडं दुसऱ्यांदा गेली. म्हणून मदतीच्या मेसेजवर वेळ लिहायची, कळवणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि माणसं बाहेर आली की मूळ मेसेज काढून ‘काम झालं, दुपारी ३’ असं टाकायचं. मृताचा फोटो कुणीही टाकला तरी काढायचा, न विचारता. घरच्यांना ते फोनवर दिसता कामा नये.

अफवा टाकणाऱ्याला ग्रुपवर झापू नका, फोन करा. तो बहुधा घाबरलेला असतो. ऐकलंच नाही, तर आपत्ती व्यवस्थापन कायद्यातलं कलम ५४ सांगा: आपत्तीचा खोटा इशारा फिरवून घबराट उडवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. अ‍ॅडमिनला धाकधूक असते की दुसऱ्याच्या मेसेजपायी आपण आत जाऊ. समान हेतू दिसल्याशिवाय सदस्याच्या मजकुराला अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेवरून मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं मारलं, त्यातले बहुतेक आमच्याच शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी. भिक्षा मागायला गेलेले. त्यामुळं कायद्यानं मी सुटतो की नाही, हा हिशेब मी करत बसत नाही.

आणि माझ्याच धंद्यातली माणसं. पाणी चढलं की पुण्या-मुंबईहून फोन येतात: ‘तुमच्या ग्रुपवरचा तो व्हिडिओ पाठवा ना.’ कुणी काढला, कधी, कुठून, हे लिहूनच पाठवा आणि काढणाऱ्याची परवानगी आधी घ्या. पलीकडचं पोरगं ‘तेवढं नंतर बघू’ म्हणालं, तर पाठवू नका. आमचे उपसंपादक निवृत्त झालेत. ते गावच्या ग्रुपवर आहेत, मीच घेतलं. अजूनही माझ्या सातच्या मेसेजखाली कधीकधी त्यांचा एकच शब्द येतो: ‘कुणी?’

पूर उतरला की ते बटण पुन्हा मोकळं करा. दोन दिवस शुभ सकाळची फुलं येतील, ती येऊ द्या.