टायफूनच्या दिवसांत जपानला येताय?

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ओकिनावा, वाकायामा किंवा इझूच्या किनाऱ्याचं बुकिंग केलं असेल, तर घाबरून ते रद्द करू नका. वर्षाला सरासरी २५ टायफून तयार होतात आणि त्यातले तीनच जपानच्या मुख्य बेटांवर धडकतात. मात्र एखादा तुमच्या वाटेवर आलाच, तर सगळे निर्णय ऊन पडलेलं असतानाच घ्यावे लागतात. वारा सुटल्यावर ठरवण्यासारखं काही उरत नाही. मी ओसाकात राहते आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगते.

पहिलं काम म्हणजे नकाशा वाचायला शिका. जपानच्या हवामान संस्थेच्या नकाशात वादळाच्या केंद्राभोवती लाल वर्तुळ असतं. तिथे आत्ता सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर किंवा त्याहून वेगाचे वारे असतात. बाहेरच्या पिवळ्या वर्तुळात हा वेग सेकंदाला १५ मीटरच्या पुढे असतो. पुढच्या दिवसांसाठी तुटक रेषेची पांढरी वर्तुळं काढलेली असतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. "अगं, ते वर्तुळ अख्ख्या जपानएवढं झालंय!" असा मावशीचा घाबरलेला फोन हमखास येतो. वादळ मोठं होतंय असा त्याचा अर्थ नाही. त्या वेळी केंद्र त्या वर्तुळात असण्याची शक्यता ७० टक्के, एवढंच ते सांगतं. अंदाज जितका पुढचा, तितकं वर्तुळ मोठं.

मग वादळाचा मार्ग तुमच्या कुठल्या बाजूने जातोय ते बघा. वादळाच्या पुढे जाण्याच्या दिशेने पाहिलं, तर उजव्या बाजूला वारा जास्त जोरदार असतो. ओसाका, इसे आणि टोकियो हे तिन्ही उपसागर दक्षिणेला उघडे आहेत. उत्तरेकडे सरकणारं वादळ त्यांच्या पश्चिमेकडून गेलं की ते वादळाच्या उजव्या बाजूला येतात आणि दक्षिणेचा वारा समुद्राचं पाणी थेट आत लोटतो. ४ सप्टेंबर २०१८ला जेबी टायफून असाच गेला. ओसाकात पाणी विक्रमी ३.२९ मीटरपर्यंत चढलं, समुद्रातल्या कृत्रिम बेटावर बांधलेल्या कान्साई विमानतळाची धावपट्टी बुडाली आणि वाऱ्याने वाहत आलेलं टँकर जहाज विमानतळाच्या पुलावर आदळलं. हजारो प्रवासी त्या बेटावर अडकले.

जपानी बातम्यांत आणि स्टेशनांवरच्या फलकांवर टायफूनचं नाव नसतं, त्या वर्षातला क्रमांक असतो. भारतातल्या चॅनेलवर 'हगिबिस' ऐकलेलं असतं आणि इथे दिसतो '१९ क्रमांक'. दोन्ही लिहून ठेवा.

रेल्वे इथे वादळाची वाट बघत बसत नाही. उद्या गाड्या बंद राहणार हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच जाहीर होतं. १६ ऑगस्ट २०२४ला टोकियो-नागोया शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दिवसभर बंद होती आणि तेही आधी सांगून. बंद झालेल्या गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण जेआर पासचा (पर्यटकांसाठीच्या रेल्वे पासचा) वाया गेलेला दिवस भरून मिळत नाही. ओकिनावाच्या छोट्या बेटांवर, म्हणजे झामामी किंवा तोकाशिकीला असाल, तर आणखी घाई करा. बोटी वादळाच्या बऱ्याच आधी थांबतात आणि उशिरा सुरू होतात. क्रमांक जाहीर झाला, दिशा तुमच्याकडे दिसली की ओकिनावाच्या मुख्य शहरात, नाहाला, परत या.

समुद्राबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. वादळ शेकडो किलोमीटर दूर असतं, इथे लख्ख ऊन असतं, तरीही किनाऱ्यावर लांबून आलेल्या उंच लाटा फुटायला लागतात. मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा अंगावर घ्यायची आपल्याला हौस. इथे ती हौस बाजूला ठेवा. धक्क्यावर, खडकावर, लाटरोधक काँक्रीटच्या ठोकळ्यांवर फोटोसाठीही जाऊ नका. केंद्र डोक्यावरून जाताना वारा एकदम पडतो, आकाशही उघडतं. तेव्हा बाहेर पडू नका, थोड्या वेळात वारा उलट्या दिशेने परत येतो.

खाण्याचं बघा. कोम्बिनीतला (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानातला) ब्रेड आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आदल्या संध्याकाळीच संपतात. शाकाहारी असाल तर आणखी पंचाईत, कारण साध्या दिसणाऱ्या ओनिगिरीतही माशाचा अर्क असू शकतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, पाणी घालून होणारे पोहे बॅगेत असू द्या. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असतेच. वीज जायच्या आत फोन आणि पॉवर बँक चार्ज करा, बाथटब पाण्याने भरून ठेवा, पडदे ओढा आणि खिडकीपासून लांब झोपा. २०१९च्या सप्टेंबरात फाक्साई टायफून आला तेव्हा टोकियोशेजारच्या चिबात कित्येक भागांत वीज अनेक दिवस नव्हती.

'सेफ्टी टिप्स' हे अ‍ॅप भारतातूनच उतरवून घ्या. त्यात इंग्रजीत इशारे येतात. इशाऱ्याचे पाच स्तर असतात. तिसरा, लाल, आला की वयस्कर माणसांनी आणि लहान मुलं असलेल्यांनी निघायचं. चौथा, जांभळा, म्हणजे धोक्याच्या जागेतल्या सगळ्यांनी निघायचं. पाचव्याची वाट पाहू नका, तोवर वाट बंद झालेली असते. आई-बाबा सोबत असतील तर तुमचा आकडा तीन. कुठे जायचं ते हॉटेलच्या काउंटरवर पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवा. निवारा सहसा जवळच्या शाळेत असतो आणि परदेशी पाहुण्यांनाही तिथे घेतात. मजबूत इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर तिथेच थांबणं योग्य आहे का, हेही तेव्हाच विचारा.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, तोही टोकियो किंवा ओसाकातच. फाक्साई गेल्यावर टोकियोच्या नारिता विमानतळावर विमानं उतरत होती, पण शहराकडच्या गाड्या आणि बस बंद होत्या, आणि १३ हजारांहून जास्त लोकांना रात्र तिथेच काढावी लागली. म्हणून विमान वेळेवर दिसलं तरी आधी रेल्वे सुरू आहे का ते बघा, मगच बॅगा उचला.