जुन्या एमएक्स-5चं सस्पेन्शन सुधारायचंय? स्प्रिंगच्या आधी रबर बघा

तीस वर्षं जुनी माझ्दा एमएक्स-5 ही छोटी स्पोर्ट्स गाडी दारात उभी राहिली की आठवड्याभरात मालकाला ती खाली बसवायची हौस येते. टायर आणि मडगार्डमध्ये बोट शिरू नये, इतकी खाली. फोटोत झकास दिसते, मान्य. पण 1989 साली आलेल्या या पहिल्या पिढीच्या गाडीचं सस्पेन्शन मुळात कच्चं नव्हतंच. माझ्दाचे अभियंते तोशिहिको हिराई यांच्या चमूने चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मची जोडणी) दिले, इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलं आणि वजन हजार किलोच्या आत राखलं. तीच गाडी आज वळणावर ढिली वाटत असेल, तर दोष बहुधा मेलेल्या रबरांचा आणि दमलेल्या शॉकअपचा असतो. स्प्रिंगचा नंबर त्यानंतर.

म्हणून पैसे घालायचा माझा क्रम असा: टायर, बुश (आर्मच्या सांध्यांतली रबरं), शॉकअप, मग स्प्रिंग, आणि अगदी शेवटी हवाच असेल तर जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं आवरणारी दांडी). दुसऱ्या जुन्या स्पोर्ट्स गाडीवर काम करत असाल तर पान्यांचे आकार बदलतील, क्रम बदलणार नाही.

आधी गाडीखाली शिरा

टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचे टायर ठेवून वर महागडे शॉकअप बसवणारे लोक मी पाहिले आहेत. कडक झालेलं रबर रस्ता धरत नाही आणि दोष शॉकअपवर जातो. कारखान्यातून गाडी 185/60 आर14 टायरवर यायची. खडबडीत रस्त्यावर हा जाड कडेचा टायर आजही उत्तम. 17 इंची चाकांच्या नादी लागू नका.

मग शॉकअपचं अंग बघा. नुसती धूळ असेल तर ठीक, पण तेल पाझरून धुळीचा चिकट थर झाला असेल तर तो गेला. वर दांड्यावर फोमचा बंप स्टॉप असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो बोटाने दाबला की भुगा होऊन हातात येतो. आर्मच्या टोकांशी पहार अडकवून हलकं उचकटून बघा. रबरात भेगा असतील किंवा मधली नळी सहज इकडेतिकडे सरकत असेल, तर कितीही अलाइनमेंट करा (चाकांचे कोन जुळवा), ब्रेक लावताच चाकाचा कोन बदलणार.

आणखी एक जागा विसरू नका: मागच्या चाकाच्या लगेच पुढचा सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी. या गाडीचा गंज तिथे सुरू होतो. इंग्लंड किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात राहत असाल, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तिथे ही तपासणी सगळ्यात आधी. सिल कुजलेला असेल तर सस्पेन्शनचं बजेट वेल्डरला द्या.

काय विकत घ्यायचं

इथे थोडं थांबतो, कारण चुकीची खरेदी इथेच होते.

चाकाला वर जायला किती जागा आहे, यावर सगळा खेळ आहे. या गाडीत ती जागा मुळातच बेताची. दोन इंच खाली बसवली की उरलेली जवळपास संपते. मग छोट्या खड्ड्यातही शॉकअप बंप स्टॉपवर जाऊन आपटतो. त्या क्षणी स्प्रिंगला अर्थ उरत नाही, गाडी जणू चाकावर थेट ठोकून बसवली आहे. वळणात असं झालं की त्या टोकाच्या चाकावर भार एकदम चढतो आणि पकड सुटते. लोक म्हणतात, स्प्रिंग फार कडक आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा स्प्रिंग त्या उंचीसाठी मऊ असते.

तेव्हा उंचीचा आकडा मडगार्ड आणि टायरमधल्या फटीवरून ठरवू नका. चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. रस्त्यावरच्या गाडीला साधारण 330 मिलिमीटर, म्हणजे 13 इंच ठेवा. पुढे किंचित कमी चालेल. 12 इंचाच्या खाली नेऊ नका.

शॉकअपमध्ये दोन सरळ वाटा आहेत. बिलस्टाइन घेतले तर बसवून विसरून जा, त्यांत फिरवायला काही नाही. कारखान्यातूनही काही मॉडेलांवर बिलस्टाइन येत. कोनीचे पिवळे घेतले तर वरच्या टोकाला रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग उसळून परत येण्याचा वेग, आवरता येतो. दोन्हींवर थोडी कडक, गाडी इंचभरच खाली बसवणारी स्प्रिंग शोभते. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर हा तिसरा पर्याय. चांगले असतील तर उत्तम, पण चारही शॉकअप आणि स्प्रिंग मिळून टायरच्या एका संचापेक्षा स्वस्त मिळत असतील तर हात लावू नका.

शॉकअपबरोबर नवे बंप स्टॉप, धूळ-रबरं आणि वरचे माउंट घ्याच. यात एक जुगाड सर्वांना ठाऊक आहे: दुसऱ्या पिढीच्या, 1998 नंतरच्या गाडीचे वरचे माउंट पहिल्या पिढीला बसतात आणि चाकाला वर जायला थोडी जास्त जागा देतात. मोडीत निघालेल्या गाडीवरून स्वस्तात मिळतात. माझ्या मते या गाडीवर खर्च केलेल्या पैशांत यांचा परतावा सगळ्यात जास्त.

बुशमध्ये रबर की पॉलियुरेथेन? रोज चालवणार असाल तर रबर. पॉली नेमकं वाटतं, पण ग्रीस सुकलं की कुरकुरतं.

खोलायला घेताना

आठवडाभर आधीपासून रोज सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. डब्ल्यूडी-40 नव्हे, खास गंजासाठी मिळतं ते. 14, 17 आणि 21 मिलिमीटरचे गोटे (सॉकेट), टॉर्क रेंच, दोन जॅक, चार मजबूत घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) एवढं हाताशी हवं. पुढे सबफ्रेमच्या (सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीच्या) मधोमध आणि मागे डिफरन्शियलखाली जॅक लावून गाडी उचला, घोड्या सिलच्या मजबूत खुणांवर लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका. घोड्या लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा, मगच आत जा.

चाकं काढली की चारही बाजूंचे फोटो काढा. खालच्या आर्मना आठ एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य बाजूला सरकलेले बोल्ट असतात. त्यांवरूनच चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) आणि मागचा टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) ठरतो. बुश बदलायचे नसतील तर त्यांना हात लावू नका. बदलायचे असतील तर आधी रंगाने खूण करा. नट सैल करून बोल्ट फिरवून बघा. बोल्टाबरोबर बुशची नळीही फिरत असेल तर तो आत गंजून चिकटला आहे. हातोड्याने डोकं चेपण्यात दिवस घालवू नका, कापून काढा आणि नवा टाका.

पुढच्या बाजूला बॉनेटखाली प्रत्येक शॉकअपच्या माथ्यावर दोन नट दिसतील. ते शेवटी सोडायचे. आधी अँटी-रोल बारची लिंक, मग शॉकअपचा खालचा बोल्ट, मग वरच्या आर्मचा लांबलचक बोल्ट. तो निघाला की चाकाचा खांब बाहेर झुकतो, त्यामुळे तो आधीच तारेने बांधून ठेवा. ब्रेकच्या होजवर भार येता कामा नये. आता वरचे दोन नट काढून शॉकअप खाली ओढून घ्या.

मागचे वरचे नट डिकीत आहेत. एका बाजूला बॅटरी आडवी येते, दुसऱ्या बाजूला पेट्रोल भरायची नळी, म्हणून आतलं कार्पेट काढावं लागतं. खांबाच्या तळातून जाणारा लांब बोल्ट गंजाने हमखास धरतो, शॉकअपसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. वरच्या आर्मचा बाहेरचा बोल्ट काढला की पुरेशी जागा होते.

स्प्रिंग उतरवणं

या कामात माणूस जायबंदी होतो तो इथे. स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगल्यापैकी घ्या, भाड्याने मिळाला तरी चालेल, पण त्याचे आटे आणि आकडे तपासून. दोन्ही आकडे समोरासमोर लावा आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळा. स्प्रिंग वरच्या माउंटपासून सुटी होऊन हाताने हलली पाहिजे, तोवर माथ्याचा नट सोडायचा नाही. नट सोडताना तोंड किंवा छाती शॉकअपच्या रेषेत आणू नका.

सोडण्याआधी खडूने एक खूण करा: वरच्या माउंटचे दोन बोल्ट आणि खालचं भोक एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत ते. नवं जोडताना हाच कोन हवा, नाहीतर गाडीत बसवताना भोकं जुळत नाहीत आणि पुन्हा सगळं खोलावं लागतं. वायसर, रबर, बंप स्टॉप ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवा. नवा नट इम्पॅक्ट गनने आवळू नका. दांडा आत गरगर फिरतो आणि नव्याकोऱ्या शॉकअपचं सील खराब होतं. दांडा धरून हातपान्याने आवळा.

आवळायचं केव्हा

बसवताना उलटा क्रम. पण रबरी बुशमधून जाणारे बोल्ट या टप्प्यावर पूर्ण आवळायचे नाहीत, नुसते टेकवायचे.

कारण साधं आहे. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच कोनात पकडली जाते. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी नेहमीपेक्षा उंच उभी राहते आणि नवे बुश अकाली फाटतात. गॅरेजमध्ये घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, म्हणून काम बाहेर देत असाल तर आधीच सांगून ठेवा.

तेव्हा चाकं लावा, गाडी जमिनीवर आणा, पुढेमागे ढकलून आणि कोपरे दाबून बसू द्या. खाली जागा हवी म्हणून चारही चाकांखाली लाकडाचे जाड गुटके घाला किंवा रॅम्पवर चढवा. मग बोल्ट वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पॉली बुश आतल्या नळीवर फिरतात, त्यांना हे बंधन नाही. चाकाचे नट 88 ते 118 न्यूटन मीटर.

अलाइनमेंट आणि पहिली फेरी

नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. दोन-तीनशे किलोमीटर शांतपणे चालवून मग अलाइनमेंटला जा. बाहेर पडताना तात्पुरता टो दोरी बांधून सरळ करून घ्या. अलाइनमेंटवाल्याला आकडे कागदावर लिहून द्या, नाहीतर तो यंत्रावरची, कारखान्याच्या मापांची हिरवी पट्टी गाठून मोकळा होतो. रस्त्यासाठी पुढे कॅम्बर उणे 1 अंश, मागे उणे दीड, कॅस्टर दोन्हीकडे सारखा आणि 5 अंशांच्या आसपास, पुढे टो शून्य, मागे एकूण एक-दोन मिलिमीटर आत. मागची चाकं बाहेर तोंड करून कधीही नको, ओल्या रस्त्यावर गाडी पाठ फिरवते. एकट्यानेच चालवत असाल तर मोजताना तुम्ही सीटवर बसा. एवढ्या हलक्या गाडीत सत्तर किलोंनी फरक पडतो.

कोनी असतील तर पूर्ण मऊपासून सुरुवात करा. ओळखीच्या एकाच रस्त्यावर जा, अर्धा फेरा वाढवा, पुन्हा तिथूनच जा. उंचवट्यानंतर गाडी एकदा उसळून थांबली की बस. त्यापुढे फिरवलं तर ओळीने येणाऱ्या खड्ड्यांत चाक खाली यायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू आखडत खाली बसते.

अँटी-रोल बारचा विचार महिनाभर पुढे ढकला. नुसता पुढचा जाड केला तर वळणात गाडी कमी झुकते, पण नाक बाहेर ढकलायला लागते. नुसता मागचा जाड केला तर शेपूट सुटते.

कागदपत्रांचं मात्र आधी बघा. ब्रिटनमध्ये बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. जर्मनीत सुट्या भागाची मान्यता किंवा तपासणी लागते. भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही, पण आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गाडीवर हाच उद्योग करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर त्यात बंधन आहे. त्याच मापाचे नवे शॉकअप आणि बुश म्हणजे दुरुस्ती. गाडी खाली बसवणं हा बदल, त्याबद्दल आरटीओत विचारूनच पान्याला हात लावा.