बोटीचा बिल्ज पंप सुस्त चालतोय? आधी वायर तपासा

बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा हा पंप नुसता गुणगुणतो किंवा पाणी कमी फेकतो म्हणून लगेच नवा आणू नका. दोष बहुधा तळातल्या खाऱ्या पाण्याने हिरव्या पडलेल्या जोडात असतो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि पंप चालू असतानाच मोजा. बंद पंपावर घेतलेलं माप फसवं असतं: वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, भार आला की मात्र ते कोसळतात. बॅटरीवर १२.५ आणि पंपाशी १० असतील, तर अडीच व्होल्ट वाटेत जिरताहेत. कुठे, ते असं कळतं: मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंपाच्या प्लसवर. मग तसंच मायनसला. दोन्ही मिळून ०.३६ व्होल्टपर्यंत, म्हणजे ३ टक्के, चालतं. मायनसची बाजू तपासायची बरेचजण विसरतात.

खराब जोड कापून टाका, नुसता घासून भागत नाही. कल्हई केलेली तांब्याची वायर, क्रिम्प (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी वापरा. जोड पाण्याच्या पातळीच्या वर बांधा. इन्सुलेशन टेप इथे निरुपयोगी.

पंपाशी व्होल्टेज नीट आहे, तरी फिरत नाही? जाळी काढून पंख्यात अडकलेला गळाचा दोरा बघा. फ्यूज वारंवार उडण्याचंही हेच नेहमीचं कारण, तेव्हा मोठा फ्यूज घालू नका. फ्यूजचा आकडा पंपाच्या लेबलवर असतो.

पंप फक्त ऑटोवर, म्हणजे पाणी चढल्यावर आपोआप, चालत नसेल, तर फ्लोट स्विचच्या (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा स्विच) दोन्ही वायरी क्षणभर जोडा. पंप सुरू झाला की स्विच बदला.