गॅलरीतल्या कढीपत्त्यावर फुलपाखरे

शहरातील मुलांची वन्यजीवांशी ओळख करून देण्यासाठी अभयारण्य गाठावेच लागते असे नाही. गॅलरीत कढीपत्ता किंवा लिंबाची एक कुंडी ठेवली, तरी मॉर्मन आणि लिंबू फुलपाखरांच्या माद्या तिथे अंडी घालण्यास येऊ शकतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले निलवंतही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते.

रोप शक्यतो फवारणी न केलेले घ्यावे आणि नंतरही त्यावर कीटकनाशक मारू नये. मुलांना कोवळ्या पानांवर मोहरीएवढी फिकट अंडी शोधण्यास सांगावे. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व मोठी झाल्यावर हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते, मात्र हे पाहण्यासाठी तिला मुद्दाम छेडू नये. अळ्या झाड जवळजवळ बोडके करतात, त्यामुळे फोडणीसाठी दुसरी कुंडी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. रोज एकाच वेळी निरीक्षण करून तारीख, रंग आणि लांबी वहीत मुलांनीच लिहावी. कोष झाल्यावर कुंडी हलवू नये, आणि बाहेर पडलेल्या फुलपाखराला पंख वाळेपर्यंत हात लावू नये.