यू-डायसमध्ये पट जुळत नाही? या चुका टाळा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला, यू-डायसवर (शाळा आणि मुलांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) ३० तारखेचा पट भरायची वेळ झाली, की शिक्षकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो. ‘पोर्टलवर माझा पट एकने कमी दिसतोय, अजून कुणाला येतोय का प्रॉब्लेम?’ खाली पाच जणांचं ‘हो, सेम’. मग कुणीतरी जाहीर करतं, ‘साईट हँग आहे.’ साईट हँग असतेच, त्यात वाद नाही. पण आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांची ही कामं करताकरता माझी खात्री झालीय, की ते एक मूल सर्व्हरने गिळलेलं नसतं. जनरल रजिस्टर (प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही) आणि हजेरी शेजारी शेजारी उघडून बसलात तर अर्ध्या तासात सापडतं.

एका मुलाने काय फरक पडतो, असं नव्या शिक्षकांना वाटतं. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट बघा. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. राज्य सरकार संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष मधूनमधून बदलतं, पण गणित याच जातीचं राहतं आणि त्यात आता आधार वैध असलेलीच मुलं धरण्यावर भर असतो. म्हणजे वर्गात ६१ मुलं बसलेली आहेत, त्यातल्या एकाचं आधार जुळलं नाही, तर कागदावर शाळा ६० ची. तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनाच्या यादीत जातो आणि दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. ते एक मूल मात्र रोज तिसऱ्या बाकावर बसून पाढे म्हणत असतं.

पोर्टलवरून पट मोजू नका

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मागच्या वर्षीची यादी पोर्टलवर असतेच, तीच पुढे ढकलायची, नवे पहिलीचे घालायचे आणि बेरीज आली की झालं, अशी पद्धत पडून गेलीय. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये शाळेची नुसती संख्या भरून चालत नाही, एकेका मुलाची स्वतंत्र नोंद लागते. आपली सवय मात्र अजून आकडे भरण्याचीच आहे.

उलट्या दिशेने चला. आधी वर्गात जाऊन डोकी मोजा. मग हजेरी, मग जनरल रजिस्टर, आणि पोर्टल सगळ्यात शेवटी. साध्या वहीत चार रकाने आखा. इयत्तावार लिहा, मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. एकूण बेरजेवर अजिबात विश्वास ठेवू नका. आमच्या केंद्रातल्या एका शाळेचा पट पोर्टलवर ४८, हजेरीत ४८, त्यामुळे सगळे खूश. इयत्तावार बघितलं तर तिसरीत एक जादा आणि चौथीत एक कमी. प्रोग्रेशन करताना एका मुलाला पुढच्या वर्गात ढकलायचं राहून गेलं होतं. बेरीज बरोबर होती म्हणून कुणाला पत्ता नव्हता. तसंच राहिलं असतं तर पुढच्या वर्षी ते पोर पाचवीत बसलं असतं आणि कागदावर चौथीत शिकत राहिलं असतं.

नाव आणि जन्मतारीख: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

आपल्याकडे शाळेत आडनाव आधी लिहायची रीत आहे. जनरल रजिस्टरला ‘शिंदे आरोही संतोष’, आधारवर ‘आरोही संतोष शिंदे’. पोर्टलवर भरणाऱ्याने रजिस्टर बघून तसंच इंग्रजीत टाकलं की आधार पडताळणीत नाव नापास. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच. दीक्षा लिहायला कुणी आय वापरतं, कुणी दोन ई. आधार केंद्रावरच्या मुलाने घाईत जे टाईप केलं तेच आता त्या पोरीचं सरकारी नाव झालेलं असतं.

म्हणून आधारप्रमाणे नाव या रकान्यात आधार कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर बघून टाईप करा. आठवणीवर विसंबून टाकू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या धूसर फोटोवरून तर नकोच. तो फोटो झूम केला की ३ चा ८ दिसतो, माझा स्वतःचा अनुभव आहे.

जन्मतारखेची गंमत जुनी आहे. एके काळी गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनला जन्माला घातलं होतं. आजोबांच्या पिढीतला कुणीही घ्या, वाढदिवस १ जून. आता त्याचा नवा अवतार आधारवर दिसतो. नोंदणीच्या वेळी पालकांना फक्त वर्ष सांगता आलं, की तारीख १ जानेवारी पडते. रजिस्टरमध्ये जन्मदाखल्याप्रमाणे १४ ऑगस्ट असते आणि आधारवर १ जानेवारी.

इथे मोह होतो रजिस्टर बदलायचा. खाडाखोड करून १ जानेवारी केलं की हिरवी खूण आलीच. कृपा करून हे करू नका. जनरल रजिस्टर हा शाळेचा कायमचा दस्तऐवज आहे. उद्या हेच मूल दहावीला बसेल, पुढे जातीचा दाखला काढायला जाईल, तेव्हा याच पानाची नक्कल मागितली जाईल. त्यातली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनेच होते. जन्मदाखला बघा. चूक आधारची असेल तर पालकांना जन्मदाखला देऊन आधार केंद्रावर पाठवा. चूक रजिस्टरची असेल तर रीतसर प्रस्ताव करा. वेळ लागतो, मान्य आहे. म्हणूनच हे काम जूनमध्ये सुरू करायचं असतं, सप्टेंबरच्या २८ तारखेला नव्हे.

पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षांचं झाल्यावर एकदा आणि पंधराव्या वर्षी एकदा बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं. पहिलीच्या पालकसभेत हे एक वाक्य सांगितलंत तरी पुढचे दहा फोन वाचतात.

आणि हो, आकड्यांची गल्लत. आधार बारा अंकी आणि अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक, तोही बारा अंकी. शाळेचा यू-डायस कोड अकरा अंकी आणि मुलाचा पेन, म्हणजे कायम शिक्षण क्रमांक, तोही अकरा अंकी. एका मॅडमनी निम्म्या वर्गाच्या पेनच्या रकान्यात शाळेचाच कोड लिहून मला यादी पाठवली होती. आपल्या राज्यातल्या शाळेचा यू-डायस कोड २७ ने सुरू होतो, कारण पहिले दोन अंक राज्याचे असतात, पुढचे दोन जिल्ह्याचे. मुलामुलांच्या रकान्यात तोच तो २७ वाला आकडा दिसला की थांबा.

दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाची नवी नोंद

जूनच्या मध्यात एक बाई पोरीला घेऊन आली. नवरा वीटभट्टीवर, गाव बदललेलं, दाखला नाही. कायद्याने प्रवेश द्यावाच लागतो. दाखला आला नाही या कारणावरून अडवता येत नाही. मुख्याध्यापकांनी तिसरीत बसवलं, बरोबरच केलं. पुढे मात्र घसरले. जुन्या शाळेत दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही, म्हणून पोर्टलवर त्या मुलीची सरळ नवी नोंद करून टाकली. जुन्या शाळेच्या यादीत तिची नोंद चालू होतीच. एक पोरगी, दोन पेन, दोन शाळांत. सप्टेंबरमध्ये आधार टाकायला गेले तर हा आधार दुसऱ्या विद्यार्थ्याला जोडलेला आहे असा संदेश. दुसरा विद्यार्थी म्हणजे तीच!

पहिलीच्या वरच्या वर्गातलं कुठलंही मूल आलं, की ते कुठल्या ना कुठल्या शाळेच्या यादीत आहे असं गृहीत धरा. जुन्या शाळेने पोर्टलवर सोडलं की ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या सोडलेल्या मुलांच्या यादीत, येतं आणि पेन व जन्मतारीख टाकून आपल्याला ओढून घेता येतं. त्यांनी सोडलंच नसेल तर पोर्टलवरून विनंती पाठवा आणि त्यासोबत कागदावरही एक पत्र काढा. तरी हलत नसेल तर केंद्रप्रमुखांना सांगा, गटसाधन केंद्रातल्या ऑपरेटरला सांगा. आठ दिवस जातील, पण दोन पेनचा गुंता सोडवायला आठ महिने जातात. पेन माहीत नसेल तर पालकांना जुनं प्रगतिपत्रक आणायला सांगा, बऱ्याचदा त्यावर लिहिलेला असतो. आपण दाखला देतो तेव्हा त्यावर पेन लिहिलाय ना, हेही एकदा बघून घ्या.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच घातक. आपल्याकडची चौथी झाली, मुलं शेजारच्या गावात पाचवीला गेली आणि आपण त्यांना सोडलंच नाही. किंवा सोडलं, पण पुढच्या शाळेने ओढून घेतलं नाही. ही मुलं ड्रॉपबॉक्समध्ये लटकत राहतात आणि कागदोपत्री शाळाबाह्य ठरतात. ऑगस्टमध्ये एकदा आपल्या सोडलेल्या मुलांची यादी उघडा. कोण अजून कुठेच दाखल दिसत नाही ते बघा आणि त्या शाळेच्या गुरुजींना फोन करा.

ऊसतोडीला गेलेली मुलं

बीडसारख्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे सांगायची गरज नाही, पण इतरांना सांगतो. ३० सप्टेंबरला मूल वर्गात असतं. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते आणि मार्च-एप्रिलपर्यंत ते साखर कारखान्याच्या पट्ट्यात असतं. अशा मुलाचं नाव कमी करायचं नाही. त्याला शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथे कोपी (ऊसतोड कामगारांची झोपडी) पडेल तिथल्या शाळेत बसता येईल. आजीजवळ मागे राहिलं असेल आणि हंगामी वसतिगृह सुरू असेल, तर प्रश्नच नाही. तिकडच्या शाळेनेही त्याला आपल्या पटावर नवं म्हणून चढवू नये, नाहीतर वर सांगितलेलं दोन पेनचं नाटक पुन्हा होतं.

याच्या अगदी उलट, जे कुटुंब कायमचं गेलंय हे अख्ख्या गावाला माहीत आहे, त्या मुलाला पटासाठी धरून ठेवणं. का धरतात ते मला कळतं. एक पद वाचतं. पण ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली होती, मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली होती, ते दिवस पाहिलेले लोक अजून नोकरीत आहेत. मतदानासारखी शाई सहा वर्षांच्या पोराच्या बोटाला लावायची वेळ का आली, ते त्यांना विचारा.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

पोषण आहाराची रोजची संख्या पटाइतकीच भरू नका. १८० दिवस शंभर टक्के हजेरी कुठल्याच शाळेत नसते. त्या दिवशी जेवलेली पोरं मोजा, तेवढाच आकडा टाका.

दिव्यांग मुलाचा रकाना ‘नाही’ ठेवून पुढे जाऊ नका. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. कमी दिसणारं मूल त्यात बसत असेल आणि नोंदच नसेल, तर त्याला मिळणारी मदत मागायची कुठल्या आधारावर? सामाजिक प्रवर्गही रजिस्टर बघून भरा, आडनावावरून अंदाजाने नाही. हे होतं, म्हणून लिहितोय.

लॉगिनचा मोबाईल नंबर तपासा. जुने मुख्याध्यापक बदलून दोनशे किलोमीटर लांब गेले, ओटीपी अजून त्यांच्याच फोनवर, आणि ते नेमके प्रशिक्षणात. कार्यभार घेताना चाव्या आणि कॅशबुकाबरोबर हा नंबरही बदलून घ्या.

अंतिम सबमिट एकट्याने, रात्री पावणेबाराला करू नका. पोर्टलवरून यादी छापून घ्या. वर्गशिक्षकाने हजेरीशी ताडून प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करायची, पानाखाली सही करायची, मगच बटण दाबायचं.

आणि सबमिट झाल्यावर चूक सापडलीच तर? फोनवर सांगून थांबू नका. फोनची नोंद कुठेच राहत नाही. केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. मुलाचं नाव, पेन, काय भरलं गेलं, काय हवं होतं. सोबत जनरल रजिस्टरच्या त्या पानाची आणि सप्टेंबरच्या हजेरीची झेरॉक्स. जावक क्रमांक टाका, पोचेवर शिक्का घ्या आणि ती पोच संचमान्यतेच्या फाईलला लावून ठेवा.