काढा, हिम, फांट, आसव, अरिष्ट: सगळं एकाच मापाने घेताय? या चुका टाळा

काष्ठौषधींच्या दुकानात दिवसातून कितीदा तरी विचारणा होते, "दशमूळ आहे का हो?" आहे ना. पण कुठलं देऊ? घरी उकळायची भरड, बाटलीतला तयार काढा, दशमूलारिष्ट, की तेल? मुळं सगळ्यांत तीच दहा: बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू. तरीही भरडीचा काढा वेगळ्या वेळी, वेगळ्या मात्रेत घेतात आणि अरिष्ट वेगळ्या. अरिष्टात मद्यार्क (अल्कोहोल) असतो, भरडीच्या काढ्यात नसतो. तेल तर बहुधा अंगाला लावायचं. हातात आलेली बाटली नेमकी कशाची हे न बघता "आयुर्वेदिकच आहे, घे दोन चमचे" म्हणून मोकळं होणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातून निघतात.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात औषधाचे मूळ प्रकार पाच सांगितलेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. म्हणजे ताजा पिळलेला रस, पाट्यावर वाटलेला गोळा, उकळून आटवलेला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी, आणि उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलेलं. यात पहिला सर्वांत जड, मग प्रत्येक पुढचा आधीच्यापेक्षा हलका. म्हणून रसाची मात्रा थोडी आणि फांटाची जास्त. आसव, अरिष्ट, अर्क, सरबतं ही सगळी या पाचांच्या पुढची मंडळी.

पूड पाण्यात टाकून दोन उकळ्या काढणे

याला काढा म्हणत नाहीत. काढ्याला भरड लागते, म्हणजे रव्यापेक्षाही जाड कुटलेलं औषध. वस्त्रगाळ चूर्ण उकळलं तर ते तळाला धरतं, गाळताना फडक्यातून उतरतं आणि शेवटी घशात गाळ राहतो. चूर्ण घेऊन आलात आणि काढाच करायचा आहे, तर सरळ दुकानात जाऊन भरड मागा.

माप साधं आहे. शार्ङ्गधरांच्या हिशेबाने औषधाच्या सोळापट पाणी घ्यायचं आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. २० ग्रॅम भरडीला ३२० मिली पाणी, उरवायचं ४० मिली. औषध मऊ असेल तर पाणी कमी घेतात, आणि बरेच वैद्य चौथा हिस्सा उरवायला सांगतात. चिठ्ठीवर जे लिहिलं असेल ते पाळा. चिठ्ठीवर "दोन कपांचा अर्धा कप" असं असतं आणि घरी दोन कपांचा दीड कप होतो, खरी गडबड इथे आहे. गॅसपाशी उभं राहायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

किती आटलं ते कळण्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. उभट, अरुंद तोंडाचं छोटं पातेलं घ्या. जेवढं उरवायचं तेवढंच पाणी आधी त्यात ओता. स्वच्छ काडी तळाला टेकेल अशी उभी बुडवा आणि जिथवर भिजली तिथे खूण करा. मग उरलेलं पाणी आणि भरड घाला. आच मंद ठेवा. अधूनमधून काडी बुडवून बघा. पाणी खुणेपाशी आलं की गॅस बंद. भरडीने पाणी थोडं वर दिसतं, एवढा अंदाज धरावा. काढ्यावर झाकण ठेवायचं नाही, हा जुना नियम आहे.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं. हिरडा, बेहडा, अर्जुनसाल यांसारखी तुरट औषधं लोखंडी कढईत उकळली की काढा शाईसारखा काळा होतो, कारण त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी रासायनिक क्रिया होते. तांब्या-पितळेची बिनकल्हईची भांडीही नकोत.

सकाळी केलेला काढा रात्री प्यायचा, उरलेला फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करायचा, हे तर सर्रास चालतं. बाटलीतला तयार काढा टिकतो, कारण त्यात टिकवण्यासाठी काही घातलेलं असतं किंवा तो थोडा आंबवलेला असतो. तुमच्या पातेल्यातल्या काढ्यात तसं काहीच नसतं. रोजचा रोज करा.

सुगंधी वस्तू खळाखळा उकळणे

गवती चहा, तुळस, पुदिना, बडीशेप, ओवा. यांचा गुण बराचसा त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. स्वयंपाकघरभर छान वास सुटला म्हणजे जे पोटात जायचं ते हवेत गेलं. यांचा फांट करायचा: उकळतं पाणी ओता, लगेच झाकण ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी गाळा. शार्ङ्गधरांचं माप औषधाच्या चौपट गरम पाणी असं आहे. घरी एवढं दाट कुणी करत नाही आणि करायची गरजही नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच की काढ्यावर झाकण नको आणि फांटावर हवंच. लोक नेमकं उलटं करतात.

याचं ठळक उदाहरण २०२० सालचं. आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळी मिरी १ असं मिश्रण सुचवलं होतं. ३ ग्रॅम पूड, १५० मिली उकळलेलं पाणी, चहासारखं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. नाव क्वाथ, पण कृती बघा, सरळ सरळ फांटाची. घरोघरी काय झालं? त्यात लवंग पडली, वेलची पडली, ज्येष्ठमध आलं, अर्धा अर्धा तास उकळून तो दाट झाला आणि दिवसातून चार-चार वेळा प्यायला गेला. मग छातीत जळजळ आणि तोंड आलं, की दोष काढ्याला.

ज्येष्ठमधाबद्दल जरा वेगळं सांगायला हवं. गोड लागतं म्हणून मुलाबाळांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या काढ्यात पडतं. पण रोज आणि बरंच पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

हिम गरम करणे

उन्हाळ्यात धने रात्री भिजवून सकाळी प्यायचं पाणी म्हणजे धण्याचा हिम. धने जाडसर कुटून सहापट पाण्यात भिजत घालायचे, सकाळी हाताने कुस्करून गाळायचे, हवी तर खडीसाखर. अख्खे धने पाण्यात टाकले तर विशेष काही उतरत नाही. सकाळी ते पाणी "कच्चं नको" म्हणून उकळलं तर तो हिम राहिला नाही. पाण्याची शंका असेल तर भिजवण्याआधी उकळून गार करा. वाळ्याचंही तसंच. यापलीकडे हिमात चुकण्यासारखं फार नाही.

रस पेलाभर पिणे

स्वरस पाचांत सर्वांत जड. जुन्या मापाने ताज्या रसाची मात्रा अर्धं पल, म्हणजे साधारण २४ मिली. इथे लोक सकाळी मिक्सरमधून काढून पेलेच्या पेले रिचवतात.

सगळ्या पानांचा रस नुसता पिळून निघतही नाही. अडुळशाची पानं कुटा, पिळा, हाताला चार थेंब लागतील. त्यासाठी पुटपाक आहे: कुटलेल्या पानांचा गोळा वडाच्या पानांत गुंडाळून, वर मातीचा जाड लेप देऊन निखाऱ्यात लाल होईपर्यंत भाजायचा, मग आतला गोळा पिळायचा. एवढं जमत नसेल तर पानं वाफवून पिळली तरी रस सुटतो. पाणी घालून मिक्सरला फिरवलेला हिरवा पातळ द्रव म्हणजे स्वरस नव्हे, आणि त्याची मात्रा कुणालाच सांगता येणार नाही.

आता दुधी भोपळ्याचा रस. इथे चूक जिवावर बेतते, बेतलेली आहे. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटॅसिन नावाची द्रव्यं जास्त असतात. असा रस प्यायल्यावर काही वेळातच पोटात दुखणं, उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं, आणि देशात यातून मृत्यूही झाले आहेत. रस काढण्याआधी दुधीची छोटी फोड चाखून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. "औषध कडूच असतं" ही आपली समजूत इथे भलतीच महागात पडते. दुधीत कारल्याचा रस मिसळणं तर पूर्ण बंद करा, कारण मग कडूपणा कुणाचा हेच कळत नाही. कडू रस पोटात जाऊन उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

गुळवेल हिरवीगार दिसली म्हणून कुंपणावरून तोडून आणायचीही पद्धत आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर आयुष मंत्रालयाने वेल ओळखण्यात गल्लत झाली असावी, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात घेतली गेली असावी, अशी बाजू मांडली. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, आपल्यासाठी दोन गोष्टी उरतात: ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्या, आणि यकृताचा आजार असेल तर स्वतःच्या मनाने घेऊच नका.

आसव-अरिष्टाला सरबत समजणे

सर्वांत जास्त घोळ इथे. औषधाचा काढा करून तो आंबवला की अरिष्ट, आणि न उकळता आंबवलं की आसव, अशी शार्ङ्गधरांची विभागणी. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, अभयारिष्ट एकीकडे, कोरफडीच्या रसाचं कुमारीआसव दुसरीकडे. गूळ, मध किंवा साखर घालून, बहुधा धायटीची फुलं टाकून, भांड्याचं तोंड बंद करून ते मुरवतात. धायटीच्या फुलांबरोबर यीस्ट आत जातं, गोडाचा मद्यार्क होतो आणि औषधातले गुण त्यात उतरतात. आंबणं चालू असताना भांड्याच्या तोंडाशी पेटती काडी धरली तर विझते, कारण आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. काडी जळत राहिली की काम संपत आलं असं धरतात.

म्हणजे मद्यार्क वरून ओतलेला नसतो, पण असतो. बहुतेक बाटल्यांवर तसं छापलेलं असतं, कमाल १२ टक्क्यांपर्यंत. १० टक्के धरला तर २० मिलीच्या मात्रेत २ मिली होतो. धडधाकट माणसाला हे काहीच नाही. पण लहान मूल, गरोदर बाई, यकृताचा रुग्ण, दारू सोडलेला माणूस यांच्या बाबतीत वैद्यांना विचारूनच. मेट्रोनिडॅझोलसारखी जंतुसंसर्गावरची गोळी चालू असेल तर ती देणाऱ्या डॉक्टरांना आसव-अरिष्टाचं आठवणीने सांगा. मधुमेह असेल तर मद्यार्कापेक्षा उरलेल्या गुळाची चिंता करा.

घेण्याची नेहमीची रीत: १२ ते २४ मिली, तेवढंच पाणी मिसळून, जेवणानंतर. नुसतं घेतलं तर घसा आणि पोट जळजळतं. आणि "दोन चमचे" हे माप विसरा. चहाचा चमचा ५ मिलीचा, वाढायचा त्याहून कितीतरी मोठा. बाटलीबरोबर मापाचं टोपण येतं, ते पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं.

बाटलीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात.

"दादा, कुमारीआसवाचं झाकण उघडलं तर फुस्स झालं. फेकून देऊ का?"

"काकू, आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट येतोय?"

"आंबट नाही, पण फेस आहे वर."

"मग आंबणं पुरतं व्हायच्या आत भरलीय ती. घेऊ नका. बिल आणि बॅच नंबर घेऊन या, बदलून मागू कंपनीकडून."

तळाला थोडा साका बसणं मात्र नेहमीचंच. त्यासाठी बाटली परत आणायला नको. वास आंबट झाला, वर बुरशीची साय धरली किंवा झाकण फुगलं तर मात्र टाकाच. आणि घरी अरिष्ट घालायचा प्रयोग करू नका. लोणचं मुरवणं वेगळं आणि हे वेगळं. इथे स्वच्छता आणि तापमान जरा हललं की हाती व्हिनेगर येतं किंवा नुसती बुरशी.

केरळची बाटली महाराष्ट्राच्या मापाने घेणे

केरळी कंपन्यांची कषायं आता आपल्याकडेही सगळीकडे मिळतात. ती बरीच दाट असतात. सहसा १५ मिली कषाय तिप्पट-चौपट कोमट पाण्यात मिसळून, रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात. आपला माणूस अरिष्टाच्या सवयीने जेवणानंतर, थोडंसं पाणी घालून घेतो आणि मग मळमळतं म्हणून बाटली कपाटात मागे सरकवतो. उलटही होतं: अरिष्ट उपाशीपोटी. परदेशात राहणाऱ्यांना तिकडच्या दुकानात टिंक्चर मिळतं. ते मद्यार्कात मुरवलेलं आणि थेंबांच्या हिशेबाचं, त्याची बरोबरी आपल्या कुठल्याच काढ्याशी करू नये. होमिओपॅथीचं अशोक किंवा अर्जुन मदर टिंक्चर हेही अशोकारिष्टाच्या किंवा अर्जुनारिष्टाच्या जागी चालत नाही, नाव सारखं असलं तरी.

मध कधी आणि कुणाला

उकळत्या काढ्यात मध घालू नका, कोमट झाल्यावर घाला. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बाळगुटीच्या चाटणातूनसुद्धा नको. मधात बोट्युलिझम या घातक विषबाधेचे जंतूबीज असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना थोपवू शकत नाही. आजी कितीही म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांना दिलाय," तरी गुटी आईच्या दुधातच उगाळा, तीही बाळाच्या डॉक्टरांना विचारून.

बाटली विकत घेताना लेबलावर चार गोष्टी बघून घ्या: ती काढा आहे, आसव-अरिष्ट आहे की सरबत, मद्यार्काचं प्रमाण, साखर किंवा गूळ आहे का, आणि उत्पादनाची व मुदतीची तारीख. वैद्यांची चिठ्ठी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली असेल तर दुकानात तोच दाखवा, नुसतं "दशमूळ द्या" म्हणू नका.