थेरपिस्ट शोधताना: पहिल्या भेटीआधीची तयारी

चिंता, मनावर झालेला आघात किंवा आयुष्यातलं एखादं वळण, यांसाठी थेरपिस्ट शोधताय? आधी हे बघा की नावांची यादी करण्याइतकी सवड तुम्हाला आहे का. जीव द्यावासा वाटत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर ११२. मनाजोगता थेरपिस्ट मिळायला कधी कधी काही आठवडे जातात, आजची रात्र त्या शोधावर सोडू नका.

सवड असेल तर पहिली खेप फॅमिली डॉक्टरकडे. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, वजन उतरणं हे चिंतेतही होतं आणि थायरॉइड जास्त काम करू लागला तरी होतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डॉक्टरांना गरज वाटली तर ईसीजी, एवढं करून घ्या. केमिस्टकडून परस्पर आणलेली अल्प्राझोलमसारखी गोळी चालू असेल तर तेही लपवू नका. आणि ‘आता थेरपी घेणार’ म्हणून ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली ही गोळी अचानक सोडली तर फिट येऊ शकते.

मग एक पान लिहा, एकच. आत्मचरित्र नको. त्रास कधीपासून, किती वेळा, आणि त्यापायी काय काय करणं सोडलं. यातला तिसरा मुद्दा सगळ्यांत कामाचा आणि लोक नेमका तोच विसरतात. ‘खूप टेन्शन येतं’ यातून समोरच्याला फारसं काही कळत नाही. ‘दादरच्या पुलावर गर्दीत पाय टाकवत नाही, म्हणून तास जास्त घालवून बसने जातो’ यातून बरंच कळतं. झोप, चहा-कॉफी, दारू-तंबाखू, चालू औषधं (काढे आणि भस्मंसुद्धा), आधी कुठे दाखवलं होतं का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, हेही त्याच पानावर. जमलं तर जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली भरा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न असतात, गुण शून्य ते एकवीस. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी, इतकंच त्यातून ठरतं, निदान होत नाही. पण तारीख घालून ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा भरल्यावर हलतंय की नाही ते दिसेल. पानाच्या तळाशी एक ओळ: काय बदललं म्हणजे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन?

आता कोणाकडे जायचं. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या तिघांपैकी औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. त्यांची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा, संकोच नको. समुपदेशकांच्या बाबतीत गोंधळ जास्त. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने तेही नियमनाच्या कक्षेत आले, पण वर्षानुवर्षं कुणीही पाटी लावू शकत होतं. म्हणून शिक्षण काय, कुठे, किती वर्षं काम, आणि तुम्ही स्वतः कुणाच्या सुपरव्हिजनखाली (अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली) आहात का, हे विचाराच. शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र लावलेले लाइफ कोच आणि पूर्वजन्मात नेऊन आणणारे लोक मी आघातासाठी सरळ वगळेन. चर्चा नको.

शोधायचं कुठे? मुंबई-पुण्यात नावांचा तुटवडा नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पण लातूर, गोंदिया, सिंधुदुर्गात काय? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचाराला पैसे लागत नाहीत. तिथे गर्दी असते, तासभर बोलायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका; निदान आणि औषध नीट मिळालं तरी मोठं काम झालं. बोलण्याची थेरपी मग ऑनलाइन घेता येते. लहान गावात ऑनलाइनचा दुसरा फायदा असा की समुपदेशक तुमच्या मावशीच्या भिशीतले निघत नाहीत. कंपनीकडून मोफत सेशन मिळत असतील तर एचआरला नावं कळतात की नुसते आकडे, हे लेखी विचारून घ्या.

दोन-तीन नावं काढा आणि मेसेज टाका. लांब लिहू नका: ‘नमस्कार, मला वर्षभरापासून चिंतेचा त्रास आहे, मागे एक अपघात झाला होता. मराठीत बोलायला आवडेल, संध्याकाळी सहानंतर वेळ आहे. आपण अशा केसेस घेता का आणि फी किती?’ उत्तर कसं येतं यावरूनही अंदाज येतो. मग दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोला. आपल्याला डॉक्टरला प्रश्न विचारायची सवय नाही, पेपर तपासायला दिल्यासारखे समोर बसतो आपण. इथे तसं चालणार नाही. निवड तुम्ही करताय. चिंतेवर कोणत्या पद्धतीने काम करता? सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) असं उत्तर आलं तर घरी काय करायला देता, ते विचारा. गृहपाठ नसेल तर ती नावालाच सीबीटी. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ पद्धत, मराठीत रुजवली. त्यामुळे ती शिकलेले लोकही आपल्याकडे भेटतात. चिंतेसाठी दोन्ही चांगल्या सुरुवाती आहेत. साधारण किती सेशन लागतील याला ‘सांगता येत नाही’ हे उत्तर प्रामाणिक असू शकतं, पण ‘सहा-आठ सेशननंतर आपण आढावा घेऊ’ हे त्यापुढे यायला हवं. ‘तीन सेशनमध्ये गॅरंटी’ म्हणणाऱ्याला धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

आघाताची बाब वेगळी आहे. अपघात, लैंगिक अत्याचार, लहानपणी घरात पाहिलेली हिंसा, दवाखान्यातला एखादा भयंकर अनुभव, असं काही असेल तर एक गोष्ट घट्ट धरून जा: पहिल्या भेटीत ते सगळं सांगायचं नसतं. ‘असं काही घडलंय, तपशील आज नको’ एवढं वाक्य पुरे. चांगला थेरपिस्ट आधी झोप, सुरक्षितता आणि स्वतःला शांत करायच्या युक्त्या यांवर काम करतो, आठवणींना नंतर हात घालतो. पहिल्याच दिवशी ‘मोकळं व्हा, सगळं बोलून टाका’ म्हणून खोदायला लागलं कुणी, तर तिथे थांबायची गरज नाही. आघातासाठी कोणतं प्रशिक्षण घेतलंय ते विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, आघात-केंद्री सीबीटी आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी पद्धत) या दोन्हींची शिफारस केली होती. आणि हा प्रश्न जरूर: ‘सेशनमध्ये मी सुन्न झाले, बोलणंच बंद झालं, तर तुम्ही काय करता?’ ज्यांनी हे काम केलंय ते लगेच, साध्या शब्दांत सांगतात. पुस्तकी व्याख्या आली तर पुढचं नाव बघा.

गोपनीयतेबद्दल सुरुवातीलाच बोला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती तुमचा हक्क आहे, अपवादांसह. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, तर माहिती द्यावी लागते. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोनुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला घेऊन जाणाऱ्या आईबाबांना हे आधी माहीत हवं. फी भरणाऱ्याला काय कळणार, हाही याच खात्यातला प्रश्न. सासरे पैसे देतात म्हणून त्यांना रिपोर्ट मिळत नाही.

आयुष्यातल्या वळणांसाठी जाणाऱ्यांची तयारी त्या मानाने थोडी. निवृत्ती, घटस्फोट, मुलं परदेशी गेल्यावरचं घर, पाच वर्षांनंतर एमपीएससीचा नाद सोडणं, लग्न होऊन दुसऱ्या शहरात येणं. ‘एवढ्यासाठी कशाला जायचं’ हा आवाज घरातून येईल, आतूनही येईल. जा. इथे निदानाची गरज असतेच असं नाही, अनुभवी समुपदेशक पुरतो. घ्यायचा निर्णय आणि त्याची मुदत मात्र लिहून न्या. घटस्फोट घ्यावा की नाही हे थेरपिस्ट सांगणार नाही, सांगत असेल तर तीच तक्रारीची बाब.

पैशांचं आधी ठरवा. मोठ्या शहरात पाऊण तास ते तासाचे हजार ते अडीच हजार सहज होतात. दर आठवड्याला जमेल का, नसेल तर पंधरा दिवसांनी चालेल का, फीत सवलत आहे का, रद्द केल्यास पैसे कापतात का, हे विचारा. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असं हाच २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीतल्या थेरपीचे नाही. आपली पॉलिसी काढून बघा.

ऑनलाइन घेणार असाल तर जागा हवी. वन-आरकेत ती कुठून आणायची? बंद गाडीत, गच्चीवर, मैत्रिणीच्या घरी. हेडफोन लावा, दाराबाहेर टीव्ही चालू ठेवा. सेशननंतरचा अर्धा तास मोकळा ठेवा, लगेच ऑफिसची मीटिंग किंवा पाहुणे नकोत.

तीन-चार भेटींनंतर तपासा: माझं ऐकलं जातंय का? ‘थोडं सहन करा’, ‘लग्न केलंत की ठीक होईल’, जातीधर्मावरून शेरे, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी, यांतलं काही आलं तर बदला. समलिंगी असणं ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरची तर तक्रार करता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये त्याला गैरवर्तन ठरवलंय. नुसतं अवघड वाटतंय, एखादं सेशन जड गेलं, एवढ्यावरून मात्र सोडू नका. ते थेरपिस्टलाच सांगा आणि काय उत्तर येतं ते ऐका. सोडायचं ठरलं तर ‘पुढच्या वेळेपासून येणार नाही, नोंदींची प्रत मिळेल का?’ एवढा मेसेज पुरतो. मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळणं हाही २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यातला हक्क आहे, आणि दुसऱ्या थेरपिस्टकडे त्या हातात असल्या की सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.